शिवप्पाचा वाटा

सोलापुरात चादरी विणणारे हजार, पण विकणारा एकच, असं गुरुसिद्धप्पाबद्दल त्याच्या कारखान्याचे मालक म्हणायचे. ते खरं नव्हतं, कारण हेच वाक्य ते आणखी चार एजंटांना ऐकवत असत. पण एवढं मात्र खरं, की मंगळवेढा, सांगोला, जत या वाटेवर गुरुसिद्धप्पासारखा जेवणारा एजंट दुसरा नव्हता. आणि त्या वाटेवरचे कापडदुकानदार चादरीचा पोत नंतर बघायचे, एजंटाचं जेवण आधी.

तेव्हा धंद्याची रीतच तशी होती. एजंट एस.टी.तून उतरून दुकानात येऊन टेकला, की नमुन्यांची बॅग कोपऱ्यात ठेवायची आणि माणसाला घरी न्यायचं. पाटावर बसवून वाढायचं. तो पोटभर जेवला, की मग ऑर्डर. जेवायला मागंपुढं करणारा माणूस मालातही काहीतरी लपवत असणार, असा दुकानदारांचा सरळ हिशेब होता. गुरुसिद्धप्पानं कुणाला कधी तशी शंका येऊ दिली नाही. त्यानं मांडी घातली, की खालचा पाट दिसायचा बंद व्हायचा. घरातल्या बायका दाराआडून बघत राहायच्या आणि हळूच एकमेकींना कोपर मारायच्या. “ह्या माणसाला जेवताना बघितलं, की बघणाऱ्यालाबी भूक लागती बघा,” असं सांगोल्याचे दुकानदार वीरभद्रप्पा सगळ्यांना सांगायचे. गुरुसिद्धप्पाला याचं कौतुक वाटायचं. माणसाला कशाकशाचं कौतुक वाटेल, सांगता येत नाही.

त्यात तो लिंगायत, आणि यजमानही बहुतेक लिंगायतच. त्यांच्यात ताटात आलेलं अन्न म्हणजे प्रसाद. त्यातलं शीतसुद्धा टाकायचं नाही. शेवटी ताटात पाणी ओतायचं, बोटांनी ताट स्वच्छ धुवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. म्हणजे एकदा वाढणाऱ्यानं वाढलं, की खाणाऱ्याची सुटका नाही.

चाळिशी उलटली आणि घराच्या चार पायऱ्या चढताना गुरुसिद्धप्पाला कठडा धरावा लागायला लागला. बायको, दानम्मा, त्याला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं, “काळजावर चरबी बसलीय. हे वजन उतरवा. नाही उतरवलं, तर पुढचा श्रावण बघाल असं मी सांगू शकत नाही.”

गुरुसिद्धप्पा दवाखान्यात हसला. रस्त्यातही हसला. घरी आल्यावर मात्र पलंगावर बसून त्यानं दानम्माचा हात धरला. त्याचा बाप असाच गेला होता, जेवता जेवता, हात ताटातच ठेवून. वयही जवळपास हेच. “दानू, मला मरायचं न्हाई,” तो म्हणाला. एवढा मोठा देह, आणि आवाज अगदी बारीक निघाला.

दानम्मा अंगानं काडी, पण जिभेनं आणि जिद्दीनं खमकी. तिनं त्या दिवसापासून डब्यांना कुलूप घातलं म्हटलं तरी चालेल. अर्धी भाकरी, पातळ डाळ, मेथी नाहीतर शेपू, वर लोणी काढलेलं ताक. शेंगांची चटणी फडताळात वर गेली आणि तूप शेजारणीकडे. कारखान्यात चादरींच्या गाठी तोलायचा मोठा काटा होता. गुरुसिद्धप्पा दर सोमवारी त्यावर उभा राहायचा आणि काटेवाला “गाठ सुटत चाललीय, सायेब,” म्हणून त्याची थट्टा करायचा. घरी असला, की वजन उतरायचं. फिरतीवर गेला, की चढायचं. दानम्मानं घाम गाळून काढावं आणि सांगोल्याच्या नि जतच्या लोकांनी दोन पंगतींत ते परत भरून पाठवावं, असं चाललं.

“सांगायचं सरळ, डॉक्टरनं बंदी केलीय म्हणून,” दानम्मा म्हणायची.

“आणि मग? मालकाचा पुतण्या टपून बसलाय माझ्या वाटेवर. आजारी एजंटाला कोण फिरतीवर पाठवतंय?”

हेही खोटं नव्हतं. शिवाय साल बाहत्तरचं. पाऊस असा दडी मारून बसला होता, की तळ्यांच्या तळाशी भेगा पडल्या होत्या. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि तिथं वाटल्या जाणाऱ्या सुकडीवर दिवस काढत होती. अशा साली घरी आलेल्या पाहुण्याला पंचपक्वान्न वाढण्यात यजमानाची इभ्रत होती. बाहेर काहीही असो, आमच्याकडं कमी नाही, हे त्या ताटातून सांगायचं असे. ते ताट नको म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर पाणी फेकणं.

वीरभद्रप्पांच्या आई काशम्मा स्वतः वाढायला बसायच्या. हाडापेरानं मोठ्या, कपाळभर विभूती, हातात वाटी धरली की समोरच्याला नाही म्हणायची सोयच नाही. एका फेरीला त्यांनी हुग्गी केली होती. गूळ घातलेली, दाटसर, गव्हाची. शेंगांच्या पोळ्यांची चवड, वर तुपाची धार, भरली वांगी. गुरुसिद्धप्पा ताटाकडे बघत राहिला आणि त्याला त्या ताटात बापाचा हात दिसला. नाही म्हणावं तर ऑर्डर जाणार, हो म्हणावं तर आपण जाणार.

आणि मग त्याच्या तोंडून ते निघालं. कसं सुचलं, त्याचं त्यालाही कळलं नाही. एजंटाची जीभ, तिला सवयच होती मनाच्या आधी धावायची.

“अव्वा, आधी यातलं अर्धं दुसऱ्या ताटात काढा,” तो म्हणाला. “माझा एक धाकटा भाऊ होता. शिवप्पा. उपाशी गेला. त्याचा वाटा काढल्याशिवाय मी घास घेत न्हाई. नेम हाय माझा.”

गुरुसिद्धप्पाला भाऊ नव्हता. धाकटा नाही, थोरला नाही, चुलतसुद्धा नाही. आईबापांना तो एकुलता एक.

काशम्मांचा हात थांबला. “आपल्यात असं न्हाई करत, बाबा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “गेलेला माणूस लिंगात मिळतो. त्याला कुटली भूक?”

“हाय खरं. पण मनाला पटत न्हाई, अव्वा.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उठून दुसरं ताट आणलं. अर्ध्याहून जास्तच त्यात काढलं आणि मागच्या दाराबाहेर, ओट्यावर नेऊन ठेवलं. गुरुसिद्धप्पा उरलेलं जेवला, ताट धुऊन प्यायला आणि हलक्या पोटानं उठला. ऑर्डर नेहमीपेक्षा मोठी मिळाली. भावाच्या नावानं जेवण सोडणारा माणूस, त्याच्या मालात खोट कशी असेल?

युक्ती अशी लागू पडल्यावर ती सोडतो कोण. जतला, मंगळवेढ्याला, परतीच्या वाटेवर, सगळीकडं शिवप्पाचा वाटा निघायला लागला. आणि गुरुसिद्धप्पा हाडाचा विक्रेता. गिऱ्हाइकानं चादरीला हात लावला, की तिचा धागा न् धागा वर्णन करावा, तसं तो शिवप्पाचं करायला लागला. जतमध्ये शिवप्पाला गोड आवडायला लागलं. मंगळवेढ्यात त्याच्या समोरच्या दोन दातांत फट पडली. एका ठिकाणी तो लहानपणी आईच्या मागं लपून बसायचा, दुसरीकडं तो थोरल्याला फार मानायचा, त्याच्यासारखंच व्हायचं म्हणायचा. दिसायला कसा होता, असं कुणी विचारलं, की गुरुसिद्धप्पा म्हणायचा, “सेम माझ्यासारखा. फक्त वाळका.” खोटं बोलायला भांडवल लागत नाही म्हणतात, आणि फुकटची वस्तू माणूस जरा सढळ हातानंच वापरतो.

वजन मात्र खरोखर उतरायला लागलं. काटेवाला थट्टा विसरून वजनाकडं दोनदा बघायला लागला. कमरेचं धोतर दोन वळसे जास्त घेऊ लागलं. पायऱ्या चढताना कठड्याची गरज उरली नाही. डॉक्टर म्हणाले, शाब्बास. दानम्मानं शेजारणीला बोलावून नवरा दाखवला. त्या आनंदात एके सकाळी गुरुसिद्धप्पानं हसत हसत बायकोला सगळं सांगून टाकलं.

दानम्मा हसली नाही. ती मेथी निवडत होती, ती तशीच हातात राहिली.

“कुणाच्या नावानं काढता म्हणालात?”

“शिवप्पाच्या. अगं, असला कोण शिवप्पा? हाय का कुणी?”

“तेच की. जो होता, तो गेला तर देवात मिळतो. जो कधी नव्हताच, तो कुटं जाणार?” ती म्हणाली. “तुमी त्याला नाव दिलंत, दात दिलेत, भूक दिलीत. रोज बोलवून जेवू घालताय. बंद करा हे.”

“पोट आणखी जरा आत गेलं, की करतो.”

“आजच करा, अहो.”

त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडली.

त्या फेरीला सांगोल्यात काशम्मांनी त्याला मागच्या ओट्यापाशी नेलं. सांगावं की नको, अशा चेहऱ्यानं त्या उभ्या राहिल्या.

“तुला एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “ते ताट मी सांजच्याला उचलायला येते. रिकामंच असतं.”

“कुत्रं खात असंल, अव्वा. न्हाईतर खडीवरची कुणी पोरंबाळं. दुष्काळ हाय.”

“मीबी तेच म्हणलं. पण कुत्र्यानं खाल्लेलं ताट चाटलेलं असतं, बाबा. हे धुतलेलं असतं. आतून ओलं, बाहेरून कोरडं. आपल्या माणसानं धुऊन प्यावं, तसं.”

बाहेर ऊन असं पडलं होतं, की ओट्याचा दगड पांढरा दिसत होता. गुरुसिद्धप्पानं डोळ्यांवर हात धरून ओट्याकडं बघितलं. तो म्हणाला, असेल कुणी आपल्यातलाच उपाशी. काशम्मा म्हणाल्या, व्हय, मला तसंच वाटतं. पण त्यांचं आणि त्याचं वाटणं एक नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

जतला त्यानं आपण होऊन विचारलं. तिथंही धुतलेलं. मंगळवेढ्यात दुकानदार कल्लप्पांच्या सुनेनं त्याला विचारायची वेळच येऊ दिली नाही. ती म्हणाली, “मामा, तुमच्या भावाचं ताट आमी आता आणखी भरून ठेवतो. त्यांना पुरत न्हाई वाटतं. ठेवलं, की लगेच संपतं.”

त्या दिवशी गुरुसिद्धप्पानं ठरवलं, की झालं तेवढं बस. पुढच्या घरी तो काहीच बोलला नाही. पाटावर बसला आणि वाट बघू लागला. पण तिथल्या बाईनं न सांगता दुसरं ताट आणलं आणि अर्धं काढून मागं नेलं. तिला नको म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण काय सांगणार? नेम सुटला म्हणून? भाऊ जेवला, आता त्याला भूक नाही म्हणून? खोटं बोललो म्हणावं तर त्या वाटेवर पुन्हा तोंड दाखवायची सोय राहत नव्हती. तो उरलेलं जेवायला लागला.

वजन उतरायचं थांबेना. डॉक्टरांचा चेहरा हळूहळू बदलला. “आता पुरे झालं,” ते म्हणाले, “आता खा.” दानम्मानं फडताळातली चटणी खाली आणली, शेजारणीकडचं तूप परत आणलं. दोन भाकरी, तीन भाकरी, वर दूध. गुरुसिद्धप्पा खायचा आणि ताटावरून उठताना त्याला बसतानाएवढीच भूक लागलेली असायची. गिळलेला घास आत जातो खरा, पण आपल्या पोटात पोचत नाही, वाटेत कुणीतरी झेलून घेतं, असं त्याला वाटायचं. रात्री नाही, अगदी दिवसाढवळ्या, भरल्या घरात वाटायचं. गालांची हाडं वर आली. आवाज पातळ झाला. दुकानदार त्याच्याशी बोलता बोलता मध्येच दुसरीकडे बघायला लागायचे, समोर कुणी उभं आहे हे विसरल्यासारखे.

सांगोल्याला स्टँडवरून गावात न्यायला लालसाबचा टांगा असायचा. गुरुसिद्धप्पा जाडजूड असताना लालसाब त्याला मुद्दाम मध्यावर बसवायचा, टांगा उलटायला नको म्हणून. आता हा पाप्याचं पितर झालेला माणूस मागं टेकला, आणि टांग्याची पुढची बाजू झटकन वर उचलली गेली. घोडं चार पावलं जाऊन थांबलं. त्याच्या तोंडाला फेस आला होता.

“काय झालं रे, लालसाब?”

लालसाब खाली उतरला. त्यानं चाक बघितलं, घोड्याच्या मानेवर हात फिरवला. मग मागच्या बैठकीकडं बघितलं, गुरुसिद्धप्पाच्या शेजारी, जिथं कुणी नव्हतं.

“सायेब, तुमी उतरून चालत जा,” तो म्हणाला. “पैसं नगं. जनावराला वजन वडवंना.”

“अरे, माझं वजन राहिलंय कुटं?”

“ते मी कुटं म्हणतोय तुमचं हाय म्हणून,” लालसाब म्हणाला आणि गुरुसिद्धप्पा खाली उतरल्यावर त्यानं टांगा वळवला. मात्र वळवतानाही घोडं तसंच कष्टानं ओढत होतं, आणि टांगा मागच्या बाजूनं तसाच कललेला होता. उन्हात तो दिसेनासा होईपर्यंत गुरुसिद्धप्पा बघत उभा राहिला.

उन्हाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. मंगळवेढ्यात तो कल्लप्पांच्या दुकानात शिरला, तर कल्लप्पा त्याला बघून खुशीत आले.

“वेळेवर आलात. आत्ताच तुमचे बंधू जेवून गेले.”

गुरुसिद्धप्पा दाराशीच उभा राहिला.

“आमाला वाटलं, गेलेत म्हणून. तुमीच सांगितलं होतं. पण त्यांनी सांगितलं, तसं काय न्हवतं, मधी जरा आबाळ झाली म्हणून.” कल्लप्पा हसले. “काय पण माणूस हो! भरल्या अंगाचा. पाटावर बसला, तर पाट दिसंना. आमच्या सुना दाराआडून बघत होत्या. असं जेवणारं माणूस घरी आलं, की बरं वाटतं. ऑर्डरबी त्यांच्याकडंच दिली, चाललं न्हवं?”

“कुटं गेला तो?” गुरुसिद्धप्पानं विचारलं.

“सांगोल्याला म्हणाले.”

तो तसाच माघारी फिरला. सांगोल्याची गाडी मिळेपर्यंत त्यानं एकच ठरवलं. काशम्मांच्या पुढं बसायचं आणि खरं सांगायचं. तोंड काळं होऊ दे, वाट जाऊ दे, पुतण्याला मिळू दे. ज्या घरात हे सुरू झालं, तिथंच ते संपवायचं. शिवप्पाचा वाटा आपण स्वतः मागून घ्यायचा आणि त्याच्यासमोर, असेल तिथं, तो खाऊन टाकायचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला धीर आला. खरं बोलायचं ठरवलं, की माणसाला उगाचच वाटतं, आता सगळं सुटलं.

सांगोल्याच्या स्टँडवर लालसाबचा टांगा उभा होता. घोडं निवांत चारा खात होतं.

“सोडतोस का, लालसाब? वीरभद्रप्पांकडं.”

लालसाबनं त्याला खालीवर न्याहाळलं, पण ओळखीचं हसू काही आलं नाही. “आत्ताच गुरुसिद्धप्पा सायेबांना सोडून आलो तितं,” तो म्हणाला. “तुमी त्यांचे भाऊ न्हवं? आलं ध्यानात. चेहरा तोच हाय. चालत जावा, लांब न्हाई.”

गुरुसिद्धप्पा चालत निघाला. भर बाराची वेळ. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही, पायाखाली सावली नाही. वीरभद्रप्पांच्या घराचं पुढचं दार लावलेलं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता. त्यानं कडी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली, तर आतून वीरभद्रप्पा म्हणाले, “आई, मागच्या दारी बघा, आला असंल.”

तो घराला वळसा घालून मागं गेला. काशम्मा ओट्यावर उभ्या होत्या, जणू वाट बघत. त्यांच्या हातात ताट होतं. हुग्गी, शेंगांची पोळी, भरलं वांगं. प्रत्येकातलं अर्धं.

“आलास, शिवप्पा?” त्या मायेनं म्हणाल्या. “उन्हात का उभा? ये वर.”

“अव्वा, मी गुरुसिद्धप्पा.”

“गुरुसिद्धप्पा आत जेवायला बसलाय की.”

दार अर्धवट उघडं होतं. आतल्या अंधारात, पाटावर एक रुंद पाठ दिसत होती. पाट दिसत नव्हता. दंडावरचा तीळ ओळखीचा होता. घास घ्यायची पद्धत, मध्येच थांबून चवीनं मान हलवायची पद्धत, सगळी त्याची स्वतःची. ती पाठ वळली नाही.

गुरुसिद्धप्पानं काशम्मांचे पाय धरले. “अव्वा, मी खोटं बोललो. मला डॉक्टरनं खाऊ नको म्हणून सांगितलं होतं. मला जगायचं होतं, म्हणून मी थाप मारली. शिवप्पा कुणी नव्हताच. शिवप्पा नावाचा माणूस जन्मालाच आला न्हाई.”

काशम्मा खाली वाकल्या. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात इतका हलका होता, की तो डोक्याला लागला, का नुसताच वरून फिरला, हे त्याला कळलं नाही.

“असं बोलू नये स्वतःबद्दल,” त्या म्हणाल्या. “थोरला म्हणाला होता, तू असंच कायतरी म्हणशील म्हणून. उपाशी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. जेव आता.”

आतून आवाज आला. भरदार, चांगल्या जेवणानं तुकतुकीत झालेला, आपल्या माणसांत बसलेल्या माणसाचा आवाज. “अव्वा, त्याला आधी वाढा. माझं काय, मी सावकाश जेवतो.”

“कसा सोन्यासारखा भाऊ दिलाय देवानं,” काशम्मा डोळे पुसत म्हणाल्या. त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला आणि उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं.

गुरुसिद्धप्पा दाराबाहेर बराच वेळ उभा राहिला. त्याला ओरडायचं होतं, दार वाजवायचं होतं, निदान आपलं नाव तरी मोठ्यानं घ्यायचं होतं. पण भूक फार लागली होती. तो खाली बसला आणि जेवायला लागला.

त्या संध्याकाळी सोलापुरात गुरुसिद्धप्पा नमुन्यांची बॅग घेऊन घरी आला. मोठी ऑर्डर आणली होती. अंगानं भरलेला, तोंडावर तेज. सगळ्यांना बरं वाटलं. पुढं पाऊस लागला, तेव्हा दुष्काळाबरोबर माणसाची पनवतीही गेली, असं शेजारी म्हणाले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि ते चकित झाले. काळीज घोड्यासारखं चालत होतं. काही काही माणसांना वजन सोसतं, असं म्हणून त्यांनी हात टेकले. पुढं कितीतरी वर्षं त्या वाटेवर त्याच्या जेवणाचं कौतुक होत राहिलं. मालकाच्या पुतण्याचा काही लाग लागला नाही.

दानम्मानं त्या संध्याकाळी दार उघडलं, त्याच्याकडं बघितलं आणि पाण्याचा तांब्या हातात दिला. कुणाला काय सांगणार? संसार तिनं केला, आल्यागेल्याचं केलं, त्याचे कपडे धुतले, त्याला पोटभर वाढलं. पण ‘अहो’ म्हणून त्याला हाक मारलेली नंतर कुणी ऐकली नाही.

ती हाक तिनं दुपारसाठी ठेवली होती. तो फिरतीवर गेला, की भर बाराला ती मागचं दार उघडायची. ओट्यावर भरलेलं ताट ठेवायची. अर्धं नाही, आख्खं. तूप हात सोडून. शेंगांच्या पोळ्या, चटणी, जे जे तिनं एकेकाळी त्याच्यापासून लपवलं होतं, ते सगळं. मग त्या ताटाकडं पाठ करून ती उंबऱ्यावर बसायची.

“अहो, सावकाश जेवा,” ती म्हणायची. “आज ऊन लई हाय.”

मागं वळून तिनं कधी बघितलं नाही. वळावं आणि तिथं कुणीच नसावं, एवढीच तिला भीती होती.